गुडघे झिजलेत, वजन उतरवायचंय: घरात सायकल घ्यावी, ट्रेडमिल की आणखी काही?

कुळागर

आईसाठी विचारतोय. वय ५८, उंची १५६ सेंमी, वजन ८४ किलो. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त, आणि दुखणं आतल्या बाजूला. एक्स-रेत झीज दुसऱ्या ग्रेडची निघाली. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषयच काढला नाही. वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा, जिने आणि जमिनीवरचं बसणं टाळा, एवढंच सांगितलं. रक्तदाबाची गोळी चालू आहे, साखर नाही.

घर गोव्यात डिचोलीला, बाहेरचा रस्ता चढउताराचा, आणि जूनपासून पुढे चालायला जाणं बंदच पडतं. त्यामुळे घरात एखादं यंत्र घ्यायचं ठरलंय. बजेट २५ हजार. दुकानदार ट्रेडमिल गळ्यात मारतोय, म्हणतो पट्ट्याखाली गादी आहे, गुडघ्याला काही होत नाही. मामा म्हणतात क्रॉस ट्रेनर (उभं राहून पाय पुढे-मागे चालवायचं यंत्र) घे. शेजारी म्हणतात टेबलाखाली ठेवायचं ते छोटं पायडल पुरे.

तीन गोष्टी कळायला हव्यात. यंत्र कोणतं, रोज किती वेळ, आणि नुसत्या यंत्राने वजन उतरतं का? बुटक्या माणसाला सीट पुरेल का हाही प्रश्न आहेच.

---

सायकलमिस्त्री

पाठ टेकायची सोय असलेली चुंबकी सायकल. बाकी सगळं नंतर.

कारण सांगतो. कृत्रिम गुडघ्याच्या आतच सेन्सर बसवून कोणत्या हालचालीत सांध्यावर किती दाब येतो हे मोजलेलं आहे. व्यायामाच्या सायकलवर तो साधारण शरीराच्या वजनाइतका किंवा सव्वापट भरतो, सपाटीवर चालताना अडीचपटीच्या आसपास, क्रॉस ट्रेनरवर दुपटीहून थोडा वर. ८४ किलोच्या माणसाला हा फरक पहिल्या आठवड्यातच जाणवतो. सायकलवर वजन सीट उचलते, गुडघा उचलत नाही.

दुकानदाराच्या गादीचं म्हणाल, तर गुडघ्यावरचा दाब मुख्यतः अंगाच्या वजनाचा आणि ते सावरताना स्नायू जे खेचतात त्याचा. गादीने पाऊल टेकतानाचा धक्का थोडा मऊ होतो, वजन काही कमी होत नाही. शिवाय २५ हजारांतल्या ट्रेडमिलचा पट्टा अनेकदा ४० सेंमीच रुंद असतो, आणि मोटरवर लिहिलेली अश्वशक्ती क्षणभर मिळणारी कमाल. सलग मिळणारी किती, ते विचारा. तिथे दुकानदार गप्प होतो. पावसात लाईट गेली की पट्टा बंद, ते वेगळंच.

आता सायकलीत काय बघायचं.

ब्रेक चुंबकी हवा. बटण फिरवलं की तार ओढली जाते आणि चुंबक चाकाच्या जवळ येतात. कुठेच काही घासत नाही. 'एअर बाईक' म्हणून हलत्या हँडलची जी स्वस्त सायकल विकतात, तिच्यात बऱ्याचदा चाकाभोवती नमद्याचा किंवा कापडी पट्टा असतो. आपल्याकडच्या दमट हवेत तो चाक धरून बसतो. पायडल आधी अडतं, मग एकदम सुटतं, आणि तो हिसका सरळ गुडघ्यात जातो.

चाक निदान ६ किलोचं असावं. हलक्या चाकाला गती साठवता येत नाही. पायडल वरच्या टोकाला आलं की ते मंदावतं, आणि नेमका तिथेच गुडघा सगळ्यात जास्त दुमडलेला असतो. म्हणजे ज्या जागी जोर नको तिथेच जोर लावावा लागतो.

स्पिन बाईक मात्र घेऊ नका, कितीही भारी दिसली तरी. बहुतेक मॉडेलांत चाक आणि पायडल एकमेकांना जखडलेले असतात. तुम्ही थांबलात तरी पंधरा-वीस किलोचं चाक पाय फिरवतच राहतं. दुखऱ्या गुडघ्याने अचानक थांबायचं म्हटलं की संपलं.

चढायला सोपी हवी, म्हणजे मधली नळी खाली असलेली चौकट. पाय फार उचलून ओलांडावा लागला तर आठ दिवसांत सायकल कपडे वाळत घालायच्या कामाला लागते. वजनाची मर्यादा ११० किलो किंवा वर बघा. ८४ किलोला १०० चालेल असं सांगतात, पण बेअरिंग लवकर वाजायला लागतं.

सीट पुरेल का, ते दुकानात टेप घेऊनच ठरतं. आईच्या आतल्या पायाचं माप घ्या: भिंतीला टेकून उभं राहायचं, जांघेत पुस्तक आडवं धरायचं, तिथून जमिनीपर्यंत. १५६ उंचीला ते साधारण ७० ते ७२ सेंमी भरतं. मग सायकलची सीट सगळ्यात खाली करा, पायडल तळाला आणा, आणि सीटच्या माथ्यापासून पायडलच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजा. हे माप पायाच्या मापाहून जास्त आलं तर ती सायकल आईची नाही, दुकानदार काहीही म्हणो.

छोटं पायडल घरात असेल तर असू दे. टाइल्सवर ते पुढे सरकत जातं, घर्षणाचा स्क्रू दहा मिनिटांत तापतो, आणि खुर्चीचं अंतर रोज बदलत असल्याने गुडघ्याचा कोनही रोज वेगळा. वजन उतरवण्याइतका भार त्यात येत नाही. टेबलावर ठेवून हातांनी फिरवायला मात्र चांगलं. गुडघा सुजलाय त्या दिवशी व्यायाम बुडत नाही.

---

फोंड्याचा फिजिओ

वरच्याशी सहमत. पण सायकल चुकीच्या उंचीवर लावली तर तीच दुखणं वाढवते, म्हणून ते आधी.

त्याआधी एक चाचणी. आईंना साध्या खुर्चीत बसवा, पाऊल जमिनीवर ठेवूनच मागे ओढायला सांगा. टाच गुडघ्याच्या रेषेच्या १५ सेंमी तरी मागे गेली, तर गुडघा ११० अंशांपर्यंत वाकतोय. पूर्ण फेरी मारायला साधारण तेवढं वाकणं लागतं. तेवढं जात नसेल तर पहिले काही दिवस पूर्ण फेरी नको. पायडल पुढे-मागे अर्धवर्तुळात झुलवायचं, जबरदस्तीने वरून ओढून आणायचं नाही.

उंची अशी लावा. बूट घालून सीटवर बसायचं, पायडल तळाला, टाच पायडलवर. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. आता टाचेऐवजी पावलाचा चवडा पायडलच्या मधोमध ठेवा. गुडघा आपोआप २५ ते ३० अंश वाकतो. हीच उंची. सीटच्या दांड्याला भोकं असतात आणि बरोबर माप दोन भोकांच्या मध्ये येतं, असं हमखास होतं. तेव्हा ताठर गुडघ्याला वरचं भोक घ्या, फक्त कंबर डुलत नाही ना ते मागून बघा. पाठ टेकायच्या सायकलला हेच सूत्र आडवं लावायचं, सीट पुढे-मागे सरकवून.

दुखतं कुठे, यावरून चूक कळते. वाटीच्या पुढे किंवा खाली दुखलं तर सीट खाली आहे किंवा फार पुढे आहे. गुडघ्याच्या मागे, लवणीत ओढल्यासारखं झालं तर सीट वर आहे. आतल्या बाजूला दुखलं तर पट्ट्यात पाऊल आत वळवून घट्ट बांधलेलं असतं. पट्टा सैल करा, पाऊल आपल्या नैसर्गिक दिशेने राहू द्या. चप्पल घालून पायडल मारू नये, कडक तळव्याचा बूट हवा.

आता वेळ. पहिला आठवडा दिवसातून दोनदा ६-६ मिनिटं, भार शून्यावर, मिनिटाला ५० फेऱ्या. हे फारच कमी वाटेल आणि आई म्हणतील यात घामही येत नाही. येऊ नये. दुसऱ्या आठवड्यापासून दर तिसऱ्या दिवशी प्रत्येक बैठकीत २ मिनिटं वाढवा. चौथ्या-पाचव्या आठवड्याच्या आसपास दोन वेळा २० मिनिटांवर पोहोचतात. मग फेऱ्या ६० ते ७० वर आणायच्या. त्यानंतरच भाराचा आकडा एकाने वर, आणि ज्या दिवशी भार वाढवला त्या दिवशी वेळ ५ मिनिटं कमी. वेळ, भार आणि वेग यांतलं एका आठवड्यात एकच बदला. दोन बदलले आणि गुडघा सुजला तर कशाने ते कळणार नाही.

भार वाढवण्याची घाई सगळ्यांनाच असते. तेवढंच काम कमी भार ठेवून जास्त फेऱ्यांत केलं, तर सांध्यावरचा दाब कमी राहतो. जड पायडल हळूहळू दाबणं म्हणजे गुडघ्याच्या दृष्टीने जिना चढणंच झालं.

दुखण्याचा नियम असा. शून्य ते दहाच्या मापात व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या पातळीवर आलेलं हवं. सकाळी जास्त ताठर वाटलं किंवा सूज दिसली तर त्या दिवशी भार शून्य, वेळ निम्मा. पूर्ण बंद नको. दोन दिवस बसून राहिल्यावर गुडघा आणखी आखडतो. वेदनाशामक गोळी घेऊन सायकलवर बसवू नका, थांबायची खूणच बुजून जाते. रक्तदाब असलेल्यांनी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊच नयेत. त्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावरही ताण येतो.

सायकलने दम वाढतो, पण मांडी पुरेशी बळकट होत नाही. म्हणून आठवड्यातून तीन दिवस हेही हवं:

पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून ५ सेकंद धरायची, १० वेळा. मग उताणं झोपून एक गुडघा उभा, दुसरा पाय सरळ ठेवून उभ्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलायचा, ५ सेकंद थांबून सावकाश खाली, १० वेळा, दोन फेऱ्या. हे सोपं झालं की घोट्याला अर्धा किलो वजन. वजनाच्या पट्ट्या नसतील तर जुन्या मोज्यात अर्धा किलो उकडे तांदूळ भरून शिवा. समुद्राची वाळू भरू नका, मिठामुळे ती ओल धरते.

तिसरा व्यायाम खुर्चीतून उठणं-बसणं. साधी खुर्ची ४५ सेंमी असते, तीवर उशी ठेवून ५२-५५ करा. हात छातीवर, पाच वेळा उठा-बसा, तीन फेऱ्या, बसताना धपकन नाही. महिन्याने उशी पातळ करा. शेवटचा व्यायाम पाठीवर झोपून दोन्ही गुडघे उभे करून कंबर उचलण्याचा, १० वेळा. नितंबाचे स्नायू कच्चे राहिले तर चालताना गुडघ्यावरचा ताण सुटत नाही, आणि हा व्यायाम सगळे गाळतात.

स्टेपर, दोरीउड्या, उठाबशा आणि वज्रासन सध्या बाजूला ठेवा. जमिनीवर बसून विळीवर नारळ खवणं हेही त्याच यादीत आहे. ओट्याला घट्ट बसणारी खवणी मिळते.

एकदा तरी कुणाकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जाणं असेलच तर फिजिओथेरपीची चिठ्ठी मागून घ्या. पाय उचलताना पाठ उचलली जातेय का, हे फोटोत कळत नाही.

---

पर्वरीपठार

क्रॉस ट्रेनरला उगाच बाद केलंत. पाऊल पायपट्टीवरून सुटतच नाही, त्यामुळे टाच आपटत नाही. हात चालतात, आणि उभं राहून केल्याने हाडांवर जो भार यायला हवा तो येतो. ५८ वर्षांच्या बाईला हाडांचा विचार नको का? सायकलवर तो फायदा नाही. तेवढ्याच वेळात उष्मांकही जास्त जळतात.

---

सायकलमिस्त्री

मुद्दा बरोबर, बजेट चुकीचं. क्रॉस ट्रेनरची फेक, म्हणजे पायपट्टी पुढून मागे किती जाते ते अंतर, निदान ४० सेंमी हवं. २५ हजारांत ३० ते ३५ सेंमीची मिळतात. फेक आखूड झाली की लंबगोलाचा गोल होतो, पाय पुढे-मागे जाण्याऐवजी वर-खाली जातो आणि सगळा प्रकार जिन्यासारखा होतो. शिवाय पायपट्टी जमिनीपासून उंच असते, चढउतार करताना तोल दुखऱ्या पायावर. चार-सहा महिन्यांनी मांडी भरली, वजन थोडं उतरलं, तर चांगल्या फेकेच्या यंत्राचा विचार जरूर करावा. हाडांसाठी तोवर ओट्याला धरून टाचा उचलणं आणि घरातल्या घरात सपाटीवर चालणं पुरे.

---

शीतकढी

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हातच घातला नाही. नुसत्या यंत्राने वजन उतरतं का? उतरतं, पण हिशोब बघा.

८४ किलोचं माणूस हलक्या भारावर ३० मिनिटं पायडल मारतं तेव्हा साधारण १५० कॅलरी लागतात, मध्यम भारावर २१०. त्यातल्या ४५ तर नुसतं बसून राहिलं असतं तरी लागल्या असत्या. म्हणजे निव्वळ कमाई शंभर ते एकशे पासष्ट. सरासरी १३० धरा, आठवड्याचे सहा दिवस धरा: ७८०. एक किलो चरबी म्हणजे जवळपास ७,७०० कॅलरी. एकट्या सायकलीने एका किलोला दहा आठवडे. सायकलच्या पडद्यावर ४०० आकडा दिसेल, त्यावर भुलू नका. बऱ्याच यंत्रांना बसलेल्या माणसाचं वजनही ठाऊक नसतं.

म्हणून रोजच्या ताटातून ४०० काढायच्या. आपल्या स्वयंपाकात ते फार अवघड नाही. भात सोडा असं मी सांगणार नाही. गोव्यात ते सांगून उपयोग नाही, आणि गरजही नाही. पण मोजा. दोन्ही वेळचा मिळून कच्चा तांदूळ २०० ग्रॅम जात असेल तर १३० करा: सुमारे २४० वाचल्या. उकडा तांदूळ पचायला थोडा सावकाश असला तरी कॅलरी साध्या तांदळाइतक्याच, हा गैरसमज घरोघरी आहे. पेजेत तांदूळ कमी जातो म्हणून सकाळची पेज उलट सोयीची. सोबत मात्र दोन अंडी किंवा वाटीभर मुगाची उसळ हवी, नुसतं लोणचं नको.

चार कप चहात दोन-दोन चमचे साखर म्हणजे १६० कॅलरी. कपाला अर्ध्या चमच्यावर आणा: १२० वाचतात. पोदेराकडचं (पाववाल्याकडचं) संध्याकाळचं बटर-खारी हे चहाहून मोठं प्रकरण, पण ते सोडायला लावलं तर घरात भांडण होईल. आठवड्यातून दोनदा ठेवा.

नारळ. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे कॅलरी. चार माणसांच्या हुमणात (माशाच्या आमटीत) एक अख्खा नारळ जातो तिथे अर्धा घाला, दाटपणा हवा तर वाटणात थोडे भिजवलेले धणे आणि कांदा वाढवा. सोलकढी नारळाच्या रसाशिवाय, नुसत्या आगळाची (कोकमाच्या रसाची). मासा रव्यात घोळवून तळला की रवा तेल पितो. तोच बांगडा रेचादचा मसाला भरून तव्यावर चमचाभर तेलात होतो.

प्रथिनं कमी पडली तर वजनाबरोबर मांडीचा स्नायूही उतरतो, आणि मग गुडघा होता त्याहून वाईट. दिवसाला ७५ ते ८० ग्रॅमच्या आसपास ठेवा. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम, अंड्यात ६, कच्च्या कुळथाच्या १०० ग्रॅममध्ये २२. अडचण येते ती शिवराक (मांस-मासे वर्ज्य) दिवसांची आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीची. तेव्हा सुक्या मासळीच्या किस्मुरीवर भागवतात, ती रक्तदाबवाल्यांना मिठामुळे नको. श्रावणातही कुळीथ, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूग आणि घरचं दही यांवर ७० पर्यंत जाता येतं, पण ठरवून करावं लागतं. शिवराक म्हणजे हलकं असं समजून भात आणि खतखतं (मिश्र भाज्यांचा रस्सा) दुप्पट वाढलं जातं, तिथे फसतं.

सगळं मिळून कागदावर आठवड्याला अर्धा किलोच्या जवळपास. प्रत्यक्षात तीन महिन्यांत ४ ते ५ किलो, म्हणजे वजनाच्या साधारण ५ टक्के. बहुतेकांना तिथपासून दुखण्यात फरक कळतो, १० टक्के वजन उतरलं की आणखी जास्त. २००५ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं की एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. पाच किलो म्हणजे पावलागणिक वीस. आईंना हाच आकडा सांगा, बाकीचे विसरल्या तरी चालतील.

---

कुळागर

देव बरें करूं, सगळ्यांचे आभार. टेपने मोजून एक पाठवाली चुंबकी सायकल सापडली, सीट बसते. राहिलेले प्रश्न:

१. आईची गोळी मेटोप्रोलॉल आणि अमलोडिपिनची एकत्र आहे. सायकलच्या हँडलवर नाडी दाखवतात, ती किती असावी?
२. गुडघा वाकवताना कटकट आवाज येतो, दुखत नाही. चालेल?
३. पावसाळ्यात यंत्र गंजू नये म्हणून काय?
४. संध्याकाळी मिरामारला वाळूत चालायला नेलं तर बरं का? मावशी पणजीला राहते.

---

फोंड्याचा फिजिओ

मेटोप्रोलॉल आहे तर नाडीचा आकडा बघूच नका. '-लॉल'ने संपणाऱ्या गोळ्या हृदयाचा वेग दाबून ठेवतात. दम लागला तरी नाडी नेहमीइतकी वर जाणार नाही आणि वाटेल व्यायाम कमी पडतोय. सोपी खूण: पायडल मारताना आईंना गप्पा मारता आल्या पाहिजेत, पण आरती म्हणायला गेल्यास मध्येच श्वास घ्यावा लागला पाहिजे. तेवढाच जोर. थांबताना एकदम उतरू नये, शेवटची ३ मिनिटं भार शून्यावर फिरवायचं. या गोळ्यांवर चटकन उभं राहिलं की चक्कर येऊ शकते.

अमलोडिपिनने काहींचे घोटे सुजतात, दोन्ही सारखे, संध्याकाळी जास्त. ती सूज सायकलची समजून व्यायाम बंद करू नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. पण एकाच पायाची पोटरी सुजली, दाबल्यावर दुखली, गरम लागली तर तो गुडघ्याचा मामला नव्हे, त्याच दिवशी दवाखाना. गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, मध्येच अडकून सरळच होईना, किंवा पाय अचानक गळायला लागला तरी तसंच. सायकलवर छातीत दडपण आलं तर १०८.

दुखत नसेल आणि सूज नसेल तर आवाजाला घाबरायचं कारण नाही.

मिरामार: कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघा पिळला जातो, ओली घट्ट वाळू समुद्राकडे उतरती असते. एक पाय सतत खाली, एक वर. आतल्या बाजूच्या झिजेला हे नको. वाळू सोडून शेजारच्या सपाट पदपथावर चालू द्या, पंधरा मिनिटं.

---

सायकलमिस्त्री

जोडणीपासून सुरू करतो, कारण पहिल्या महिन्यातली निम्मी दुखणी तिथली असतात.

डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. दोन्ही पायडलांवर एल आणि आर कोरलेलं असतं. उजवं नेहमीच्या दिशेने आवळतं, डावं उलट्या दिशेने. आधी हाताने चार-पाच फेरे सरळ गेले पाहिजेत, मग १५ चा पाना. पहिल्याच फेऱ्याला पाना लागला तर आटा तिरका चाललाय, तिथेच थांबा. तिरका बसलेला आटा क्रँकचं (पायडल बसतं त्या दांड्याचं) भोक खातो, महिन्याभरात दर फेरीला एक 'टक' ऐकू येते, आणि मग क्रँकच बदलावी लागते. खोक्यातला पत्र्याचा पाना मऊ असतो, चांगला पाना वापरा. साधारण दहा तास वापर झाला की क्रँकचे नट आणि सीटचा दांडा पुन्हा आवळून घ्या. नवी क्रँक बसताना थोडी ढिली होतेच.

यंत्राखाली रबरी मॅट हवी, टाइल्सवर ते सरकतं. जुन्या घरातली जमीन असमान असली तर मागच्या पायांचे गोल फिरवून समतोल करा. डुलणाऱ्या सायकलवर माणूस एकाच बाजूला भार टाकून बसतं.

पावसाळ्यात प्लॅस्टिकने झाकू नका, आत ओल धरते. जुनी सुती चादर टाका. भिंतीपासून हातभर लांब, आणि बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओट्यावर) तर अजिबात नाही, पावसाची झड येते. रोज वापर झाल्यावर हँडल आणि सीटखालचा दांडा कोरड्या फडक्याने पुसायचा. घामातलं मीठ हवेपेक्षा जास्त गंजवतं. सीटचा दांडा महिन्यातून एकदा बाहेर काढून पातळ ग्रीस लावा, नाहीतर ऑक्टोबरात तो हलत नाही. पडद्यातले सेल आठवडाभर वापर नसेल तर काढून ठेवा, फुटून पाणी सुटलं की संपर्काच्या पट्ट्या जातात. चुंबकाच्या किंवा आतल्या पट्ट्याच्या जागी तेल कुठलंच नको. खोबरेल तर नकोच. ते धूळ धरतं आणि पट्टा घसरायला लागतो.

एकसारखा घासल्याचा आवाज आला तर चुंबक चाकाला लागतोय. बटण शून्यावर आणून आवाज जातो का बघा. गेला तर तारेचा ताण थोडा सैल करायचा, त्यासाठी बाजूचं झाकण उघडावं लागतं. वॉरंटीत असेल तर ते झाकण तुम्ही उघडू नका, दुकानदारालाच बोलवा.